लॉकडाऊनच्या आधीचे ५४ दिवस

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कोरोनाच्या सुरुवातीला केंद्र सरकारने लॉकडाऊन लावण्यात घाई केली की उशीर, त्या काळात चाचण्या इतक्या कमी का होत्या, आणि १८९७ चा साथरोग कायदा अशा वेळी पुरतो का?

मी साथरोग सर्वेक्षणात बावीस वर्षं काढली, त्यातला बहुतेक काळ जिल्ह्याच्या पातळीवर. दिल्लीत निर्णय होतो त्या खोलीत मी कधीच नव्हतो. निर्णयाचं पत्र रात्री अकराला मोबाइलवर येतं आणि सकाळी आठला ते राबवायचं असतं, त्या टोकाला मी होतो. तिथून जे दिसलं ते सांगतो. वरून वेगळं दिसत असेल.

आधी घाई-उशिराचं. लॉकडाऊन घाईत लागलं, कारण तयारी उशिरा झाली. २४ मार्चची रात्र सगळ्यांना आठवते, पण हिशेब मांडायचा तर तिच्या आधीच्या ५४ दिवसांचा मांडायला हवा. ३० जानेवारी २०२० ला देशातला पहिला रुग्ण केरळात, त्रिशूरला सापडला. वुहानमध्ये शिकणाऱ्या आणि तिथून परतलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. २४ मार्चला अधिकृत आकडा पाचशेच्या थोडा वर होता. मधल्या काळात सरकार झोपलं होतं असं मी म्हणणार नाही. ते जागं होतं, पण घराच्या दारात बसलं होतं, आणि आतल्या खोल्यांत कुणी डोकावत नव्हतं.

जे बरं झालं ते आधी सांगून टाकतो. १७ जानेवारीला, म्हणजे देशात एकही रुग्ण नसताना, आरोग्य मंत्रालयाने चीनच्या प्रवासाबद्दल सूचना काढली. लगेच मुंबई, दिल्ली आणि कोलकाता विमानतळांवर चीनहून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (आपण सगळे तिला एनआयव्हीच म्हणतो) जानेवारी संपायच्या आत नमुना तपासायची सोय झाली होती. विषाणूचा जनुकीय क्रम जगापुढे येऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत एअर इंडियाच्या दोन विमानांनी वुहानमधून साडेसहाशेच्या आसपास लोक आणले आणि त्यांना मानेसर व छावला इथल्या छावण्यांत दोन आठवडे वेगळं ठेवलं. हे काम चोख झालं. अडकलेली माणसं आणायची, मोजायची, एका जागी ठेवायची आणि चौदा दिवसांनी सोडायची, अशी सुरुवात-शेवट असलेली कामगिरी आपली यंत्रणा छान पार पाडते. निवडणूक, कुंभमेळा, पल्स पोलिओ, सगळं त्याच जातीचं. साथ त्या जातीची नसते.

विमानतळावरच्या थर्मल तपासणीवर फार भिस्त ठेवली गेली. तिचं गणित सोपं आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस लागतात, कुणाला चौदाही लागतात. विमानप्रवास काही तासांचा. म्हणजे बाधित प्रवासी उतरतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला तापच नसतो. असला तरी पॅरासिटामॉलची एक गोळी पुरते. यंत्र अंगाची उष्णता मोजतं, विषाणू मोजत नाही. तपासणी करू नये असं नाही. तिचा खरा उपयोग प्रवाशाचं नाव, पत्ता आणि फोन हातात येण्यात असतो, म्हणजे पुढचे चौदा दिवस त्याची विचारपूस करता येते. पण तपासणी आधी निवडक देशांपुरती होती. सगळ्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांना ती ४ मार्चपासून लागू झाली. महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण ९ मार्चला पुण्यात निघाले. ते दुबईहून आलेले होते आणि सरसकट तपासणी सुरू होण्याआधीच परतले होते. आखाती देशांतून येणाऱ्यांना सक्तीचं विलगीकरण तर १८ मार्चपासून लागू झालं. आपल्याकडे आखातात किती घरांतली माणसं असतात हे कुणाला सांगायला नको. नकाशावर सगळ्यांची नजर चीनवर, मग इटली-इराणवर, आणि रोजची विमानं मात्र दुबई-दोह्याहून उतरत होती.

२६ मार्चला कॅबिनेट सचिवांनी राज्यांना पत्र लिहिलं. १८ जानेवारी ते २३ मार्च या काळात पंधरा लाखांहून जास्त प्रवासी परदेशातून आले, आणि राज्यांनी प्रत्यक्ष देखरेखीखाली घेतलेल्यांची संख्या त्याच्याशी जुळत नाही, असा त्याचा मथितार्थ. आमच्याकडे ते पत्र आलं तेव्हा मला हसू आलं आणि रागही आला. आम्हाला याद्या मिळायच्या त्या चार-पाच दिवस शिळ्या. अर्ध्या पत्त्यांत फक्त शहराचं नाव. एका यादीत सतरा जणांपुढे एकच फोन नंबर, तोही एका ट्रॅव्हल एजंटचा. मी आणि आमचा आरोग्य सहायक दोघांनी मिळून गावोगावच्या पोलिस पाटलांना फोन लावून माणसं शोधली. त्यातले काहीजण तोवर दोन लग्नं जेवून आले होते.

आता चाचण्यांचं. सुरुवातीच्या प्रतिसादाचं मर्म इथेच आहे, म्हणून जरा थांबतो.

साथीत सर्वांत ताकदीचा कागद असतो ‘रुग्णाची व्याख्या’. कुणाला संशयित म्हणायचं आणि कुणाचा नमुना घ्यायचा हे तो कागद ठरवतो, आणि त्यावरून देशात साथ किती ‘दिसते’ हे ठरतं. २० मार्चपर्यंत आपली व्याख्या साधारण अशी होती: परदेशातून आला आहे किंवा निश्चित रुग्णाच्या संपर्कात आला आहे, आणि लक्षणं आहेत. या व्याख्येने तपासणी केली की निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. जे रुग्ण सापडतात ते सगळे परदेशाशी जोडलेले निघतात, कारण न जोडलेल्यांना आपण तपासलेलंच नसतं. मग रोजच्या पत्रकार परिषदेत सांगता येतं की आजार बाहेरून येतोय, समाजात पसरलेला नाही. विधान खोटं नसतं. पण ते आपल्याच चाळणीविषयी बोलत असतं.

माझा एक अनुभव. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका रुग्णालयातून फोन आला. पन्नाशीचा माणूस, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, प्राणवायूची पातळी झपाट्याने खाली, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद नाही. मी म्हटलं, घशाचा नमुना पाठवू. प्रयोगशाळेशी बोललो. पलीकडून पहिला प्रश्न: परदेश प्रवास? नाही. निश्चित रुग्णाशी संपर्क? माहीत नाही. मग निकषात बसत नाही, सर. बोलणाऱ्याचा दोष नव्हता, त्याच्यासमोर तोच कागद होता. मी वर विचारलं, उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि तेही ‘निकषांनुसार कार्यवाही करावी’ एवढंच. तोवर माणूस गेला होता. नोंद न्यूमोनिया अशी झाली. तो कोविड होता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, आणि हेच त्या व्याख्येचं फलित.

व्याख्या इतकी अरुंद का होती? कारण खरं होतं. प्रयोगशाळा मोजक्या, मार्चच्या मध्याला सत्तरच्या आसपास. लागणारी रसायनं बरीचशी आयात केलेली, आणि तीच रसायनं सगळं जग एकाच वेळी मागत होतं. खाजगी प्रयोगशाळांना परवानगी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाली, आणि २१ मार्चला दराची मर्यादा ४,५०० रुपये ठरली. साठा मर्यादित असताना तो जपून वापरावा हे मला मान्य आहे. माझा आक्षेप वेगळाच आहे. जपून वापरायचा म्हणजे सगळा दारावरच वापरायचा असं नव्हे. शंभर मोठ्या रुग्णालयांतून आठवड्याला दहा-दहा न्यूमोनियाचे नमुने घेतले तर हजार चाचण्या होतात. एवढ्यात देशभर विषाणू कुठे शिरला आहे याचा अंदाज लागतो. भात शिजला का पाहायला चार शितं पुरतात, पण ती पातेल्यातून घ्यावी लागतात.

आणि गंमत अशी की ही शितं आपल्याकडे घेतली जात होती. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) १५ फेब्रुवारी ते २ एप्रिल या काळात तीव्र श्वसनविकाराने दाखल झालेल्या ५,९११ रुग्णांचे नमुने तपासले. याच आजाराचं ‘सारी’ हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव पुढे आपल्या वर्तमानपत्रांत रुळलं. त्यातले १०४ बाधित निघाले, वीस राज्यांतल्या ५२ जिल्ह्यांतले. त्यातल्या सुमारे चाळीस जणांचा ना परदेशाशी संबंध होता, ना कुणा ज्ञात रुग्णाशी. हे एप्रिलमध्ये छापून आलं. साथरोगाचं पहिलं पुस्तक वाचलेला माणूसही या आकड्यांवरून सांगेल की विषाणू समाजात फिरतोय. पण तोवर ‘सामुदायिक संसर्ग’ हा शब्द प्रतिष्ठेचा झाला होता. तो उच्चारणं म्हणजे पराभव कबूल करणं, असा काहीतरी समज वरपासून खालपर्यंत झिरपला. खरं तर तो शब्द कामाचा आहे. तो मान्य केला की रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक खोकणाऱ्याला संशयित धरायचं, परिचारिकेला पहिल्या मिनिटापासून मास्क द्यायचा, ताप येणाऱ्यांचा बाह्यरुग्ण विभाग वेगळा करायचा. तो टाळला म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईतली काही मोठी रुग्णालयं कर्मचारीच बाधित झाल्याने बंद करावी लागली. हृदयविकाराचा म्हणून आलेला रुग्ण वॉर्डभर संसर्ग देऊन जातो, आणि कागदावर मात्र परदेश प्रवास ‘नाही’.

पुढे मे-जूनमध्ये देशपातळीवरचं पहिलं रक्तद्रव सर्वेक्षण झालं, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं पाहून किती जणांना संसर्ग होऊन गेला ते मोजलं गेलं. त्यावरून अंदाज निघाला की मेच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ६४ लाख प्रौढांना संसर्ग होऊन गेला असावा. त्या वेळी अधिकृत आकडा हजारांत होता.

२४ मार्चचा निर्णय मी या पार्श्वभूमीवर वाचतो. आतलं चित्र दिसत नसताना, इटलीतल्या रुग्णालयांची दृश्यं समोर असताना आणि हातात दुसरं हत्यार तयार नसताना सगळ्यात बोथट हत्यार उचललं गेलं. रात्री आठला घोषणा, बाराला अंमल. चार तास.

त्याने काही साधलं नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. रुग्णसंख्या दुप्पट व्हायला लॉकडाऊनआधी ३.४ दिवस लागत होते. २० एप्रिलच्या सुमारास ते ७.५ दिवसांवर गेले, असं मंत्रालयाने सांगितलं. चाचण्यांचं धोरण मधे बदललेलं असल्यामुळे हे आकडे जरा जपूनच घ्यावेत, तरी वेग मंदावला हे आम्हाला वॉर्डातही जाणवत होतं. दरम्यान प्रयोगशाळा वाढल्या आणि जूनच्या अखेरीस हजारावर गेल्या. ज्या पीपीई किटचं उत्पादन आपल्याकडे जवळपास नव्हतंच, ती मेपर्यंत दिवसाला लाखांच्या घरात शिवली जाऊ लागली. मार्चअखेर आमच्या परिचारिका रेनकोट घालून उभ्या होत्या, मेमध्ये किट मिळालं. हा फरक ज्यांनी अंगावर घेतला त्यांना विचारा.

पण वेळ विकत घेतला तर किंमत कुणी मोजली हेही विचारावं लागतं. मजुरांच्या हालअपेष्टांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय: २८ मार्चला दिल्लीत आनंद विहारची गर्दी, १४ एप्रिलला वांद्र्याची, ८ मेला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळाजण मालगाडीखाली गेले ती पहाट. त्यात मी भर घालत नाही. मला त्यातली साथरोगाची बाजू सांगायची आहे, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबई-पुण्यातल्या मजूर वस्त्यांत संसर्ग अगदी तुरळक होता. तेव्हा चार-सहा दिवसांची मुदत देऊन जास्तीच्या गाड्या सोडल्या असत्या तर बहुतेक माणसं निरोगीच घरी पोहोचली असती. झालं उलटं. २२ मार्चला गाड्या बंद झाल्या. एका खोलीत दहा-बाराजण अशी माणसं पाच-सहा आठवडे कोंडून राहिली, आणि तेवढ्यात शहरातला संसर्ग कैक पटींनी वाढला. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा त्यांच्यातल्या काहींबरोबर विषाणूही गावी गेला. मेच्या शेवटी-जूनमध्ये बिहार, झारखंड, ओडिशा, आणि आपल्या कोकणातही रुग्ण वाढले ते यातूनच. मार्चमध्ये स्टेशनांवर चेंगराचेंगरी झाली असती आणि त्यातूनच साथ पसरली असती, असा प्रतिवाद आहे. त्यात तथ्य आहे, आणि तरीही मी मार्चची गर्दी पत्करली असती. गर्दी दोन दिवसांची असते.

त्याच काळात नेहमीच्या आजारांकडे पाहायला माणसंच उरली नाहीत, हे ओघाने सांगून ठेवतो. क्षयरोगाच्या नव्या नोंदी एप्रिलमध्ये एकदम खाली आल्या. क्षयरोग कमी झाला नव्हता, तपासणाऱ्या आशाताई कंटेनमेंट झोनमध्ये घरं मोजत होत्या. बालकांचं लसीकरणही थांबलं. सुरुवातीच्या आदेशांत या सेवा चालू ठेवा असं ठळक लिहायला हवं होतं. ते आलं, पण नंतर.

व्हेंटिलेटरबद्दल एक. मार्च-एप्रिलमध्ये वरून येणाऱ्या प्रत्येक तक्त्यात पहिला रकाना व्हेंटिलेटरचा असायचा. आम्हाला खाली कळत होतं की दहा अत्यवस्थ रुग्णांतल्या बहुतेकांना नाकातून प्राणवायू नीट मिळाला तरी ते तरतात. प्राणवायूची पाइपलाइन, टाकी, सिलिंडर भरायची जागा, याचा रकाना कितीतरी उशिरा आला. रुग्णालयांत हवेतून प्राणवायू काढणाऱ्या प्रकल्पांची केंद्रीय निविदा ऑक्टोबर २०२० मध्ये निघाली. मंजूर १६२ पैकी एप्रिल २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ३३ बसले होते. त्या एप्रिलमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

केरळने वेगळं काय केलं, असंही लोक विचारतात. २०१८ मध्ये कोझिकोडला निपाहची साथ येऊन गेली होती. त्यामुळे जिल्ह्यांना संपर्क शोधायची सवय होती, आणि नियंत्रण कक्ष पहिल्या रुग्णाच्या आधीच उघडला गेला. दक्षिण कोरियाचंही तसंच. २०१५ च्या मर्स साथीत (हाही कोरोना जातीच्याच विषाणूचा श्वसनविकार) तिथे १८६ रुग्ण आणि ३८ मृत्यू झाले होते. त्या माराने चाचणी संचांना तातडीची मान्यता द्यायची वाट आखून ठेवलेली होती, आणि ४ फेब्रुवारी २०२० ला पहिला संच मान्य झालाही. आपल्याकडे पुणेकरांनी २००९ चा स्वाइन फ्लू भोगला होता. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला. नायडू रुग्णालयापुढे रांगा, आणि नमुने एकट्या एनआयव्हीकडे. त्यानंतर विषाणू प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं, हा त्या साथीचा चांगला वारसा. पण खाजगी प्रयोगशाळांना कधी, कोणत्या अटींवर सामील करायचं हे त्या अनुभवानंतरही लिहून ठेवलेलं नव्हतं. ते मार्च २०२० मध्ये नव्याने ठरवावं लागलं.

आता कायदा. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी घाईघाईने केलेला, मूळ चारच कलमांचा. त्याच जोरावर पुण्यात रँडची पथकं घराघरांत शिरली, सामान बाहेर फेकलं, बायकांची तपासणी केली. २२ जून १८९७ ला चापेकरांनी गणेशखिंडीत काय केलं हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. आमच्या कामाच्या दृष्टीने त्या इतिहासातला उपयोगी भाग निराळा आहे. लोक प्लेगचे रुग्ण लपवू लागले. प्रेतं घरात पुरल्याच्या कहाण्या मी आजोबांच्या तोंडून ऐकल्यात. तपासणीची भीती आजारापेक्षा मोठी झाली की सर्वेक्षण संपलं. २०२० मध्ये हातावर शिक्का मारणं, दारावर फलक लावणं, रोजच्या पत्रकार परिषदेत एका धार्मिक मेळाव्याशी जोडलेल्या रुग्णांचा आकडा वेगळा काढून सांगणं, या सगळ्याचा परिणाम आम्ही आठवड्याभरात पाहिला. ताप आलेली माणसं औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन गप्प बसू लागली. शिक्का काही दिवसांचा होता, पण गावाने तोंड फिरवलं ते महिनोनमहिने.

तेव्हा कायदा पुरतो का? सक्ती करायला पुरतो, नव्हे, गरजेपेक्षा जास्तच पुरतो. मार्चमध्ये त्याच्या जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरला गेला, आणि देशभरचं लॉकडाऊन खरं तर त्याच्याच आधाराने होतं. एप्रिल २०२० मध्ये अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना सात वर्षांपर्यंतची शिक्षा जोडली, ती गरजेची होती. पण मूळ कायद्यात सरकारवर कसलंच बंधन नाही. विलगीकरणात ठेवलेल्या रोजंदारीवरच्या माणसाला मजुरी कोण देणार, हे त्यात नाही. वाहतूक थांबवण्याआधी किती तासांची सूचना द्यायची, घरापासून लांब अडकलेल्यांना कोण पोसणार, सर्वेक्षणाची आकडेवारी किती दिवसांत खुली करायची, रुग्णाचं नाव फुटलं तर जबाबदार कोण, यातलं काहीही नाही. नवा कायदा कधी झालाच तर दंडाची कलमं कुणीही लिहील. मी सुरुवात मजुरीच्या कलमापासून करेन. चौदा दिवस घरी बसवलेल्या माणसाची चूल पेटत असेल तरच तो पंधराव्या दिवशी आपल्या शेजाऱ्याचा ताप आम्हाला कळवतो.